परत गेलेलं ताट

११ ऑक्टोबर १९८१, रविवार. सकाळी सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत बसले होते. सुपाच्या कडेला विमानटपालाचं एक निळं पाकीट ठेवलं होतं आणि त्याच्या झाकणाखाली भाताचं एक शित चिकटून वाळलेलं होतं. निवडता निवडता मी सुपातला दाणा उचलायची, त्या शिताशेजारी धरायची आणि परत सुपात टाकायची. आमचा तांदूळ जाडा. पाकिटातलं शित शिजूनही बारीक राहिलेलं. तो चिन्नोर होता, यात मला शंका नव्हती.

आमच्याकडे पाकीट चिकटवायला कोणी गोंद विकत आणत नाही. पातेल्यातून एक शित घ्यायचं, बोटानं चोळायचं, झालं. त्यामुळे नुसत्या शितावरून माणूस सापडत नाही, अख्खा भंडारा जिल्हा संशयित ठरतो. पण परदेशातली संस्था आपली पाकिटं भातानं चिकटवत नाही. म्हणजे हे पाकीट माझ्या हाती येण्याआधी कोणी तरी उघडलं होतं, वाचलं होतं आणि परत बंद केलं होतं. मी ते पोळ्याच्या सुमारास कडेनं कात्रीनं कापून उघडलं, म्हणून तेव्हा लक्षात आलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी बुरशी आलेले कागद उन्हात घालताना झाकण दिसलं.

चिन्नोर हा आमच्याकडचा वासाचा तांदूळ, महाग. रोजच्या डब्यात चिन्नोर आणणारा माणूस मला एकच ठाऊक होता, आणि त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. १९७३ ला लागले. पीएच.डी.ला विषय घेतला युद्धबंदीचा. दोन देशांची लढाई थांबते, नकाशावर रेषा ओढली जाते, आणि मग त्या रेषेवर कोण कोणावर लक्ष ठेवतं, हा माझा अभ्यास. नागपूरचे मार्गदर्शक पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "बाई, पंचायत समिती घ्या. सायकलवर जाऊन अभ्यास होईल."

"सर, पंचायत समितीतली भांडणं मिटत नाहीत. मला मिटलेली बघायची आहेत."

ते हसले आणि अर्जावर सही केली. पुढची सहा वर्षं मी महिन्यातून दोनदा तुमसर रोड स्टेशनवरून गाडी पकडून नागपूरच्या ग्रंथालयात जात होते. नियतकालिकं तीन-तीन महिने उशिरा यायची. ती दिवसभर बसून उतरवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. परदेशातल्या संस्थांना पत्रं लिहायची. अशा संस्था अहवाल फुकट पाठवतात, कारण त्यांनाही कोणी वाचणारं हवं असतं. घरात भिंतीवर नकाशे लावलेले होते. गावात मला 'बॉर्डरवाली बाई' म्हणत, मागून अर्थात.

माझ्या प्रबंधाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. तह मोडतो तो एक पक्ष लबाड असतो म्हणून नाही. लबाड दोघंही असतात. ज्या तहात एकमेकांना तपासायची सोय केलेली असते तो टिकतो, नसते तो मोडतो. 'विश्वास' हा शब्द मी सगळ्या प्रबंधात कुठंही वापरला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता.

पदवी मिळाली. त्यानंतर त्या निळ्या पाकिटातून परदेशातल्या एका संस्थेचं बोलावणं आलं. एक वर्ष तिथं राहून काम करायचं, राहण्या-खाण्याचा खर्च त्यांचा. मला फक्त कॉलेजचं ना-हरकत पत्र हवं होतं. मी अर्ज केला, आणि माझ्या अर्जापाठोपाठ दुसराही एक अर्ज प्राचार्यांकडे आला. त्याच्याखाली नाव नव्हतं.

प्राचार्यांनी तो माझ्यापुढं सरकवला. "सदरहू प्राध्यापिका परदेशांशी गुप्त पत्रव्यवहार करीत असून त्यांचे राहते घरी सीमाभागाचे नकाशे लावलेले आहेत." जिल्ह्यात सरकारी दारूगोळ्याचा कारखाना आहे. परदेशी टपाल म्हटलं की इथं लोक दोनदा बघतात.

"मॅडम, मला तुमच्यावर संशय नाही," प्राचार्य म्हणाले. "पण कागद आलाय. कागदाला कागदानंच उत्तर द्यावं लागतं."

"उत्तर कोणाला देऊ? खाली नावच नाही."

"तेच म्हणतो. तुमचा कोणावर संशय असेल तर नाव लिहून द्या, कारणं द्या. मग ते दोन माणसांचं आपसातलं भांडण ठरतं. मी ते इथंच दाबतो आणि तुमची फाइल पुढं धाडतो. सोमवारी बाराच्या आत द्या."

"आणि नाही दिलं तर?"

"तर अर्ज वर पाठवावा लागेल. चौकशी लागेल. वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल. ती संस्था थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

सगळं इतकं सोपं होतं. एक नाव लिहायचं आणि जायचं.

ते नाव शेजारच्या सरांचं. तेही राज्यशास्त्राचेच, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. घरचा तांदळाचा व्यापार, भावांची गिरणी. स्टाफरूममध्ये त्यांचा डबा उघडला की वास दारापर्यंत जायचा. आठ वर्षं आम्ही शेजारी बसलो. शिपाई किटलीतून सगळ्यांना चहा द्यायचा, तो सर आपल्या घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात घ्यायचे. माझ्या घरी ते एकदाच आले होते, एक पुस्तक मागायला. भिंतीवरचे नकाशे नीट पाहिले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "आत्ताच पिऊन निघालो."

माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. "आत्ताच पिऊन निघालो" हे वाक्य मी त्याच्या आधीपासून ऐकत आले आहे आणि त्याचे सगळे सूर ओळखते. कोणी खरंच पिऊन निघालेला असतो, कोणी नसतो. सरांचा सूर कोणता, ते ठरवता आलं नव्हतं. मीही त्यांच्या डब्यातलं कधी घेतलं नाही. दोनदा त्यांनी डबा पुढं केला. दोन्ही वेळा मी म्हटलं, "पोट भरलंय."

पाकिटातलं शित सापडल्यावर मी स्टाफरूममधल्या माझ्या ड्रॉवरला, बाहेरून दिसणार नाही असा, पांढरा दोरा चिकटवला होता. चौथ्या दिवशी तो तुटलेला सापडला. त्या शुक्रवारी सरांनी नेहमीसारखं विचारलं, "काय मॅडम, आज कोण्या देशाची टपाल?"

"तुम्हाला माझ्याआधी कळत असेल."

"मले कसं कळन?"

"तेच मी विचारून राहिले."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वर्तमानपत्र उघडलं. गुन्हेगार माणूस असाच वागतो, असं मला वाटलं. निरपराधही असाच वागला असता, हे तेव्हा सुचलं नाही.

शनिवारी मी निवेदन लिहून काढलं. एक पान. कारणं तीन. एक, घरातले नकाशे कॉलेजातल्या फक्त याच गृहस्थांनी पाहिले आहेत. दोन, चिन्नोरचं शित. तीन, दोरा. पक्कं करून पर्समध्ये ठेवलं.

रविवारी एका तलावावर जायचं आधीच ठरलेलं होतं. कॉलेजचे ग्रंथपाल साकोलीकडचे. ते म्हणाले होते, तिकडं दोन गावांचा मिळून एक तलाव आहे, पाण्यावरून मारामाऱ्या झाल्याचं त्यांनी कधी ऐकलं नाही, तुमच्या विषयाला उपयोगी पडेल. तांदूळ निवडून झाल्यावर मी दोन पोळ्या खाल्ल्या, पाकीट तसंच सुपाजवळ ठेवलं आणि आठची बस पकडली. घरात दुसरं कोणी नव्हतं. माझी माय महिनाभर आंबागडला मावशीकडे होती, मावशीचा पाय मोडला होता म्हणून. ती त्याच संध्याकाळी परत यायची होती.

एकोडीच्या फाट्यावर उतरून दीड कोस चालले. धान दुधावर आलेलं होतं. या दिवसांत पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही तर लोंबी पोकळ राहते. पोकळ लोंबी गुरांपुढं टाकायची.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचेपर्यंत बातमी माझ्यापुढं गेलेली होती. पाळीवर तीन बाया गवताचे भारे उतरवून बसल्या होत्या.

"सर्वेवाल्या बाई का जी?" एकीनं विचारलं.

"नाही."

"मंग नसबंदीवाल्या असतीन. वही आहे हातात."

"नाही हो. मी कॉलेजात शिकवते. पाणी कसं वाटता ते बघायला आले."

"पानी बघाले तुमसरच्या मोटारीतून कोन येते?" तिघी हसल्या. मग सगळ्यांत म्हातारी होती तिनं डोळे बारीक करून मूळ प्रश्न काढला, "कोनाची तुमी?"

मी बापाचं गाव आणि आडनाव सांगितलं. तिनं मान हलवली. तिला कळायचं ते कळलं.

तलावातून पाणी सोडायच्या दगडी जागेला तिकडं तुडुम म्हणतात. या तलावाला दोन तुडुमं होती, वरच्या गावाचं एक आणि खालच्या गावाचं एक. वरच्या गावाच्या तुडुमावर पळसाच्या सावलीत एक म्हातारा काठी मांडीवर घेऊन बसला होता. तो पाणकर, म्हणजे पाणी वाटणारा गावाचा माणूस. मी त्याच्याजवळ बसले आणि वही उघडली.

"आजोबा, तुम्ही वरच्या गावचे?"

"नाई. मी खालचा."

"मग वरच्या गावाच्या पाण्यावर काहून बसले?"

"आपल्या पान्यावर बसून काय करू? आपल्याले आपला शक येते का?"

"आणि तुमच्या गावाच्या तुडुमावर कोण?"

"वरच्या गावचा एक आहे. पक्का चोट्टा." म्हाताऱ्यानं तलावापलीकडं काठी दाखवली. "म्हनून तं त्याले बसवला. चोट्ट्याले बाकीच्यायच्या सगळ्या खुब्या मालूम राह्यतेत."

मी भराभर लिहून घेतलं. मी सहा वर्षं जे नागपूरला जाऊन वाचत होते ते इथं एक म्हातारा तंबाखू चोळत सांगत होता. प्रत्येकाचं पाणी दुसऱ्याच्या डोळ्याखाली. मला फार आनंद झाला. माझं म्हणणं बरोबर निघालं की मला नेहमीच होतो.

साडेबाराच्या सुमारास वरच्या गावातून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत झाकलेली दोन ताटं होती. एक तिनं म्हाताऱ्यापुढं ठेवलं, एक माझ्यापुढं. भात, वरण, वांग्याची भाजी.

"मला नको, बाई," मी म्हटलं. "पोट भरलंय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "थोडंसं तरी."

"खरंच नको. खाऊन निघाले."

म्हाताऱ्याचा हात ताटाकडं जाता जाता थांबला होता. तो काही बोलणार होता, पण तोंडात तंबाखू होती. तोवर बाईनं ताट उचललं, टोपलीत ठेवलं आणि आली होती त्याच्या दुप्पट चालीनं निघून गेली. मी वहीत पुढचा प्रश्न शोधू लागले.

"बाई," तंबाखू थुंकून म्हातारा म्हणाला, "आता मज्या पाहा."

पंधरा मिनिटांत वरच्या गावातून पाच-सहा माणसं आली. माझ्याकडं न बघता दोघं तुडुमात उतरले आणि लाकडी दट्ट्या ठोकून बसवला. नहरातलं पाणी हळूहळू खाली गेलं. कोणी तरी पलीकडच्या पाळीकडं हात करून ओरडलं. तिकडचंही पाणी बंद झालं. तेव्हा खालच्या गावची माणसंही पाळीवरून येताना दिसायला लागली.

"ताट कोनं परत केलं?"

"मी," मी म्हटलं.

"शक काय आहे तुमचा?"

"कसला शक?"

"मंग ताट काहून परत केलं?"

"भूक नव्हती म्हणून."

कोणाचाही विश्वास बसला नाही. एक जण म्हणाला, तहसीलातून पाठवली असन. दुसरा म्हणाला, खालच्यायनं आनली तिले, पाहा ना, त्यायच्याच पानकराजवळ बसून लिहून राहिली. खालच्या गावचा एक तापट माणूस पाळीवरूनच ओरडत आला, "आमी नाई आनली! तुमीच आनली असन, आमचं पानी बंद कराले!" अर्ध्या तासापूर्वी ज्या दोन गावांत भांडण नव्हतं त्या दोन गावांत माझ्यामुळं भांडण लागलं होतं. आणि दोन्हीकडं धान दुधावर उभं होतं.

म्हाताऱ्यानं काठी आपटली तेव्हा जरा शांत झालं. मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि सांगताना तो मला जरा कमी अकलेची समजत होता हे मला दिसत होतं. ज्या गावाच्या तुडुमावर बसायचं त्या गावाचं जेवायचं. ताट खाल्लं म्हणजे आज काही तक्रार नाही. ताट परत गेलं म्हणजे चोरी पकडली. ताट परत गेलं की दोन्हीकडचं पाणी बंद, आणि दोन्ही गावं बसून निकाल लागेपर्यंत बंदच. पाणकराला तोंडानं कोणाला चोर म्हणावं लागत नाही. तुडुमाजवळ जो येऊन बसला, वही घेऊन का असेना, तो पाणकरासारखाच. म्हणून त्यालाही ताट येतं.

"पण आजोबा, तुम्हाला तर यांच्यावर शक आहे. मघाशी तुम्हीच म्हणाले."

"शक आहे म्हनून तं जेवतो त्यायचं. शक नसता तं घरी झोपलो नसतो का मी?"

"बाई, बोलनं मंग करा," वरच्या गावचा एक जण म्हणाला. "शक असन तं सांगा, नसन तं जेवा. पानी थांबलं आहे."

टोपलीवाली बाई मागंच उभी होती. ताट तिनं परत आणलेलं होतं. तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांहून जास्त राग होता. तिच्या हातचं परत गेलं होतं. आणि तो राग मला चांगलाच ओळखीचा होता. आमच्या घरातून दिलेलं पाणी कोणी परत केलं की माझ्या मायच्या चेहऱ्यावर तोच यायचा.

मी वही मिटली, हात धुतले आणि जेवायला बसले. दोन गावांची वीस-पंचवीस माणसं उभी राहून माझा प्रत्येक घास बघत होती. भात गार झाला होता. मी ताट स्वच्छ केलं.

"आनखी वाढू?" बाईनं विचारलं. परीक्षा होती ती.

"वाढा."

दुसऱ्यांदा भात संपला तेव्हा म्हातारा म्हणाला, "निंगालं पानी." दोघं उतरले आणि दट्ट्या काढला. जाता जाता तो तापट माणूस मला म्हणाला, "शिकलेल्या बाईनं पानी बंद पाडलं, हे आमच्या आज्यानंही पाह्यलं नसन." लोक हसले, आणि तेवढ्यावर प्रकरण मिटलं. मी हसले नाही. माझ्या पोटात जागा नव्हती.

परतीच्या बसमध्ये मी वहीत एकच ओळ लिहिली. निरीक्षक कोणाचं जेवतात? सहा वर्षं मी त्यांच्या चौक्या, दुर्बिणी, अहवाल, सगळं मोजलं होतं. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

सहाला घरी पोचले तर माय आलेली होती. पाय धुऊन, पदर खोचून, माझ्या निवडलेल्या तांदळात उरलेले खडे काढत बसली होती.

"हे पाकीट काहून ठेवलं सुपापाशी?" तिनं विचारलं. "तांदळात पडलं असतं."

"राहू दे. पुरावा आहे तो."

"कायचा पुरावा?"

मी सांगितलं. शित दाखवलं. चिन्नोर कसा ओळखला ते सांगितलं, नाव सांगितलं. माय ऐकत होती आणि खडे काढत होती. मग म्हणाली, "ते मी लावलं."

"काय लावलं?"

"शित. पोस्टमननं आनलं तवा पाकीट उघडंच होतं. पावसानं सारं वलं झालं होतं. तो म्हने, माय, उघडं दिलं तं मॅडम माह्यावर शक घेतीन, नोकरी जाईन माही. मंग मी म्हटलं, थांब बापा, चिकटवून देतो."

"पण चिन्नोर कुठून आला आपल्या घरात?"

माय आता खडे जरा जास्तच बारकाईनं पाहू लागली. "सरायच्या बायकोनं देल्ला. पोळ्याले. बाजारात भेटते मले ती, गुडघे दुखतेत तिचे. पायलीभर देल्ला."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुले सांगतलं असतं तं तू परत धाडला असता." तिनं वर पाहिलं. "दुपारी तू कॉलेजात राह्यते तवा शिजवून खाल्ला मी. आनखी आहे थोडा, मडक्यात."

मी आत गेले. पर्समधून निवेदन काढलं. तीन कारणांतलं एक गेलं होतं. दोन राहिली होती. नकाशे त्यांनीच पाहिले होते आणि दोरा तुटलाच होता. खरं सांगायचं तर माझा संशय अर्ध्यानंही कमी झाला नाही. फक्त सोमवारी बाराच्या आत काय करायचं, ते बदललं. एवढ्या कारणांवर नाव लिहायचं तर मला पाळीवरच्या त्या तापट माणसाहून शहाणी म्हणवून घेता आलं नसतं.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. प्राचार्यांना मी त्या निवेदनाऐवजी दुसरा कागद दिला. माझी सगळी परदेशी टपाल शेजारच्या सरांनी वाचली आहे, यापुढं माझं प्रत्येक पाकीट तेच उघडतील आणि तारीख घालून सही करतील. खाली त्यांची सही. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, असा कागद त्यांच्या नोकरीत कधी आला नव्हता. त्यात संशयिताचं नाव नव्हतं, म्हणून अर्ज वर गेलाच. चौकशी झाली, त्या वर्षीची जागा हुकली. चौकशीला आलेल्या साहेबांनी सरांच्या सह्या पाहिल्या आणि दोन तासांत काम आटोपलं. पुढच्या वर्षी संस्थेनं परत बोलावलं आणि मी गेले. तिथं पहिलं व्याख्यान निरीक्षकांच्या जेवणावर दिलं. अर्ज कोणी केला होता ते मला आजही ठाऊक नाही. दोरा कोणी तोडला तेही नाही. सर निवृत्त होईपर्यंत माझी पाकिटं फोडत राहिले, आणि परदेशी माणसांचं अक्षर वाईट असतं अशी तक्रार करत राहिले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. सोमवारी मी पाचला उठले. मडक्यातला चिन्नोर काढला, धुतला, शिजवला. घरभर वास सुटला. माय चुलीजवळ बसून बघत होती. चार पुडांचा डबा भरला. परदेशी पत्रांचा सगळा गठ्ठा सुतळीनं बांधला. निवेदन आणि ड्रॉवरची किल्ली पर्समध्ये टाकली आणि साडेनऊला स्टाफरूममध्ये पोचले. सर एकटेच होते.

मी आधी निवेदन पुढं ठेवलं. "हे मी तुमच्याविरुद्ध लिहिलंय. वाचा."

त्यांनी वाचलं. कान लाल झाले. "चिन्नोरचं शित," ते म्हणाले. "बाई, हे असलं तुमी देणार होत्या?"

"बारा वाजता."

"आन् आता?"

"आता ही पत्रं. सगळी आहेत, एकही मागं ठेवलेलं नाही. ती वाचा आणि प्रत्येकावर सही करा. आजपासून माझी टपाल तुम्ही फोडायची."

"म्हणजे माह्यावरचा संशय गेला म्हणा."

"नाही गेला," मी म्हटलं. "म्हणूनच तुम्हाला सांगते आहे." आणि डब्याची कडी काढली. "आणि हे जेवण. तुमच्याच घरचा तांदूळ आहे, माझ्या घरी शिजलेला."

सरांनी डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आज सोमवार आहे. मले उपास राह्यते."

हे खरं होतं. आठ वर्षं मी त्यांच्यावर नजर ठेवून होते, सोमवारी ते डबा आणत नाहीत हे मला त्यांच्या बायकोइतकंच ठाऊक होतं. पहाटे तांदूळ धुताना वार मात्र डोक्यात आला नाही.

"संध्याकाळी सोडतो मी," ते म्हणाले. "ठेवून द्या डबा. घरी नेतो."

घरी नेलेला डबा माणूस खातो की गाय खाते, हे स्टाफरूममधून दिसत नाही.

"किती वाजता सोडता?"

"दिवे लागले की."

"मग तुमच्या घरी दोन पानं घ्यायला सांगा. मी येते. तोवर मीही काही खात नाही."

आयुष्यात मी कधी उपास केला नव्हता. डब्याची कडी परत लावली, पत्रांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडून दिली, ड्रॉवरची किल्ली त्यांच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवली आणि दहाच्या तासाला वर्गात गेले.